चौथीचा दाखला, पाचवीची तासिका

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक स्तर ठरवला असला, तरी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीलाच संपतात आणि पाचवीचा वर्ग मोठ्या गावातल्या हायस्कुलाला जोडलेला असल्यामुळे मुलाला दहाव्या वर्षाच्या सुमारासच शाळा बदलावी लागते. प्रस्तुत लेखिकेने अशाच एका द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे चार इयत्ता दोघांत वाटून घेतलेल्या शाळेत, अनेक वर्षे चौथीला शिकवले असून पुढील निरीक्षणे त्या काळातील आहेत.

पाचवीत मूल मागे पडले की पालक गणित-इंग्रजीला बोल लावतात आणि शिकवणी लावून मोकळे होतात. अभ्यासक्रमाचा वाटा लेखिकेला त्यात थोडाच आढळला, कारण ‘परिसर अभ्यास’ पाचवीतही चालूच असतो, इंग्रजी पहिलीपासून झालेली असते, नवी काय ती हिंदी. मूल गोंधळते ते तासिकेमुळे, म्हणजे घंटेने बांधलेल्या, एका विषयाच्या आणि एका शिक्षकाच्या ठरावीक वेळेमुळे. प्राथमिक शाळेत परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत एकच बाई समोर असल्याने फळ्यावरचे कोणाला दिसत नाही, उत्तर येत असूनही कोण बोट वर करत नाही, हे त्यांना ठाऊक असते; हायस्कुलात ही माहिती सहा-सात शिक्षकांत विखुरते. पहिला तास संपवून सर बाहेर पडताच शाळा सुटली असे समजून दप्तर भरणारी मुले आठवड्याभरात सरावतात, त्यांची चिंता नको. परंतु वाचताना अडखळणारी एक मुलगी, जिला चौथीत ओळ पुरी करायला अवधी मिळत असे, तिला पाचवीत प्रत्येक तासाला ‘बस, पुढची वाच’ असे ऐकावे लागले आणि दिवाळीपर्यंत तिने वाचायला उभे राहणेच सोडले.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, जात आणि ‘वर्तणूक: चांगली’ अशा स्वरूपाचीच माहिती असते. म्हणून लेखिकेने पुढे प्रत्येक मुलाविषयी तीन-चार ओळींचा हाती लिहिलेला कागद नव्या वर्गशिक्षकांकडे पोचवण्याचा आणि एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांच्या संमतीने चौथीच्या मुलांना एक दिवस पाचवीच्या वर्गात बसवण्याचा परिपाठ ठेवला. एका वर्गशिक्षिकेने ते कागद हजेरीपटात जपले, दुसऱ्या एकांनी घडीही मोडली नाही. कागदाचे यश घेणाऱ्यावर अवलंबून राहते, हे मान्य केले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत प्रवासाचा प्रश्न वेगळा. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना पाचवीपासून एसटीचा पास मोफत मिळतो, तथापि घरचे विचारतात ते ‘सोबत कोण?’ एवढेच. म्हणून वाडीतल्या आठवी-नववीच्या मुलींशी जूनपूर्वीच बोलून नव्या मुलींची त्यांच्याशी सांगड घालून दिली जाई, आणि पावसात एसटी आली नाही तर कोणाच्या घरी थांबायचे हेही तेव्हाच ठरे.