वीतभर पाणी

तेल्या रोगानं डाळिंबाची बाग गेली, त्या वर्षी मी पुण्यातली नोकरी सोडून सांगोल्याला परत आले. डोक्यात स्पिरुलिना होतं. ज्याची हिरवी पावडर प्रोटीनसाठी खातात, ते शेवाळ.

अण्णा म्हणाले, "शेवाळ? ते तर आपण जन्मभर हौदातनं घासून काढतोय."

मला काचेच्या नळ्यांची बंद यंत्रणा हवी होती. रीलमध्ये फार देखणी दिसते! पण उन्हात नळ्या तापतात, थंड करायला वीज लागते. आमच्याकडची वीज कधी येईल ते तिचं तिला माहीत. ते स्वप्न दोन दिवसांत संपलं.

"मग शेततळं आहेच की," अण्णा म्हणाले. आहे, पण दहा फूट खोल. शेवाळ दाट झालं की ऊन वरच्या काही बोटांतच अडतं, खाली नुसता अंधार. म्हणून हौद उथळ हवा आणि पाणी हलतं हवं. मोठ्या प्रकल्पांत त्यासाठी लंबगोल, ट्रॅकसारखे हौद असतात आणि पात्यांचं चाक पाणी फिरवत राहतं. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी असे हौद सांडपाण्यासाठी पुढे आणले.

मी वहीत मांडलं. दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, वीस सेंटिमीटर पाणी, म्हणजे सहा हजार लिटर. स्पिरुलिनाला खारट-तुरट, सोड्याचं पाणी लागतं. रूढ कृतीत लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे शंभर किलो. खोली तीस सेंटिमीटर केली तर दीडशे. प्रत्येक बोटाला पैसे.

आई शेंगा सोलत ऐकत होती. "उन्हाळ्यात किती पाणी उडंल गं?"

दिवसाला सेंटिमीटरभर धरलं तरी तीनशे लिटर.

"टँकर आला की मी दोन पिंपं भरते," ती म्हणाली. "त्यातलं दीड पिंप तुझ्या शेवाळाला."

त्या रात्री वही परत उघडली नाही.

शेवटी तीन बाय दोन मीटरचा हौद बांधला. विटांची कड, आत प्लास्टिकचा कागद, वर शेडनेट. चाक नाही, दिवसातून पाच-सहा वेळा मऊ झाडूनं ढवळायचं. आणि आईची अट : टँकर सुरू झाला की हौद बंद.

सध्या मे चालू आहे. कोरड्या हौदात कोंबड्या बसतात. बी म्हणून ठेवलेलं शेवाळ खिडकीत दोन बाटल्यांमध्ये आहे. येता-जाता आईच त्या हलवते.