बब्बूची वाळू

मांजर हा मुळात कोरड्या, रेताड मुलखातला प्राणी. आज आपल्या घरांतून फिरणाऱ्या मांजरांचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातलं आणि उत्तर आफ्रिकेतलं रानमांजर. माती उकरायची, आपलं काम उरकायचं आणि वर माती ओढून घ्यायची, हा त्याचा हजारो वर्षांचा शिरस्ता. आमच्या कोकणात त्याची ही सोय अंगणानं केली. घराच्या मागे माड, माडाखाली भुसभुशीत आळं. मांजर कुठं जातं, असा प्रश्न कुणाला पडतच नसे. आता अंगणांत लाद्या बसल्या, आळी गेली आणि मांजरं घरात आली. तेव्हा हा प्रश्नही घरात आला.

मांजराबद्दल आपल्या घरांतून आपुलकी असते. हजरत अबू हुरैरा यांचं नावच मांजरीच्या पिल्लावरून पडलेलं. मांजर उठता-बसता आपल्यात वावरणारा जीव, त्याचं उष्टं नापाक नाही, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. पण त्याची लघवी नापाक. म्हणून नमाजी माणसाच्या घरात मांजराची वाळू ही केवळ वासाची बाब राहत नाही, ती पाकीची बाब होते.

अब्बा गेल्यानंतर अम्मी गावच्या घरात एकटी राहते. आम्ही तिघं भावंडं. एक कुवेतला, एक मुंब्र्याला, एक महाडला. अम्मीला आमच्यापैकी कुणाकडंही करमत नाही. तिच्या सोबतीला असतो बब्बू, तांबड्या रंगाचा बोका. पाटीत अंगणातली चाळलेली लाल माती किंवा चुलीची राख घालायची आणि रोज सकाळी झाऱ्यानं साफ करायची, हा अम्मीचा नेम. पण वय सत्तरीच्या पुढं गेलं, गुडघे वाकेनात. जानमाजही खुर्चीपुढं आली. पाटी कोण साफ करणार? शेजारी म्हणाले, बोका कुणाला तरी देऊन टाका. अम्मी काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवलीही नाही. मग कुवेतच्या भावानं आपोआप साफ होणारी पेटी पाठवली.

पेटी म्हणजे एक गोल पिंप. बोका आत जातो, बाहेर येतो. काही मिनिटं थांबून पिंप हळूहळू फिरतं. वाळू चाळणीतून गळून पुन्हा जागेवर बसते आणि गोळे खालच्या खणात पडतात. बोका आत असेल तर वजनावरून यंत्राला कळतं आणि ते थांबतं. म्हटलं तर सोपं. पण सगळी मदार वाळूवर! लाल माती भिजली की तिचा चिखल होतो आणि तो पिंपाला चिकटतो. राखेचा गोळाच होत नाही. म्हणून विकतची वाळू आणणं आलं. तिला म्हणतात लिटर. अम्मी म्हणाली, "लिटर तर दुधाचं असतं."

या विकतच्या वाळूची सुरुवात अमेरिकेत १९४७ साली झाली. मिशिगन राज्यातल्या एड लो या माणसाकडं तेल टिपायला वापरायची शोषक माती असे. शेजारीण मांजरासाठी राख वापरायची आणि घरभर काळे पंजे उमटायचे. त्यानं तिला ती माती दिली आणि पुढं तीच पिशव्यांतून विकली. ती माती म्हणजे आपल्या आया-बहिणी चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीची बहीण. ही माती ओल शोषते, पण तिचा घट्ट गोळा होत नाही. गोळा होतो तो बेंटोनाइट मातीचा. तिचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. तशी वाळू १९८०च्या दशकात आली. आपल्याकडं बेंटोनाइटचे मोठे साठे कच्छमध्ये आहेत. म्हणजे मुंब्र्याहून मागवलेली पिशवी फार परमुलखातली असेलच असं नाही.

आम्ही तिघांनी फोनवर बरीच खल केली. सिलिकाचे खडे हलके असतात, वास दाबतात, पण त्यांचा गोळा होत नाही. ते चालतात वेगळ्या बनावटीच्या पेटीत. लाकडाच्या गोळ्या चाळणीतून गळतच नाहीत. सोयाबीनच्या चोथ्याची टोफू वाळू हलकी, धूळ कमी. पण तिच्या लांबट कांड्या चाळणीत अडकू शकतात आणि कोकणातल्या पावसात अशा वाळूला बुरशी धरायला वेळ लागत नाही. राहिली बेंटोनाइट. त्यातही सुगंधी नको, कारण मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. कण बारीक हवा, बहुतेक मांजरांना तोच आवडतो. पण फार बारीक कण पंजांना चिकटून जानमाजेपर्यंत पोहोचतो. म्हणून पेटीपुढं जाळीची चटई घातली.

सगळ्यात मोठी अडचण धुळीची. अम्मीला दमा आहे. शिवाय धूळ सेन्सरवर बसली की यंत्र गोंधळतं. महाडच्या बहिणीनं तीन पिशव्या आणल्या आणि परीक्षा घेतली. काळा कपडा अंथरून वरून मूठभर वाळू सोडली. कपडा जितका पांढरा, तितकी धूळ जास्त. मग बशीत वाळू घेऊन चमचाभर पाणी ओतलं, थोडा वेळ थांबून झाऱ्यानं उचललं. फुटला तो गोळा नापास. फुटलेल्या गोळ्याचे तुकडे चाळणीतून गळून चांगल्या वाळूत मिसळतात आणि सगळंच बिघडतं. तिसरी पिशवी दोन्हींत उतरली. बहिणीनं पेटीत खुणेपर्यंतच वाळू भरली, वर चार मुठी बब्बूची जुनी माती टाकली. जुनी पाटी शेजारीच ठेवली आणि यंत्र बंद. बब्बू आठवडाभर नुसता हुंगत राहिला. नंतर आपणहून आत गेला. तो रुळल्यावरच यंत्र सुरू केलं. एक गोष्ट मात्र अम्मीला बजावली, ही माती संडासात टाकायची नाही. ती पाण्यानं फुगते आणि नळ तुंबतो.

एवढ्या खटाटोपात आम्हाला खरं महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. बोक्याची लघवीची नळी अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आजवर अम्मीला पाटीवरूनच कळायचं, आज याचं काही ठीक नाही. यंत्र हे सगळं खणात लपवून टाकतं. पण गोळा घट्ट असला तर तो मोजता येतो. खण कमरेच्या उंचीवर यावा म्हणून पेटी चौरंगावर ठेवली, बब्बूला चढायला एक पायरी केली. अम्मी फजरनंतर खण ओढते आणि गोळे मोजते. दोन असले तर निश्चिंत. एकही नसला तर डॉक्टरला फोन.

यंत्र बब्बूचं वजन कुवेतच्या भावाच्या मोबाइलवर पाठवतं. पूर्वी तो जुम्म्याला फोन करायचा. आता रोज करतो. आधी विचारतो, "बब्बू आज शंभर ग्रॅम कमी कसा?" अम्मी सांगते, उकाडा आहे, खात नाही. मग तो विचारतो, "आणि तू जेवलीस का?"