जिंजीहून मनोऱ्यापर्यंत

वडोदऱ्याच्या मराठी घरांना दक्षिणेची यात्रा नवी नाही. काशीची गंगा रामेश्वरास घालावी आणि तेथील वाळू काशीस पोचवावी, हा क्रम आपल्या आजी-पणज्यांनी आधी पायी व पुढे आगगाडीने पाळला. आता यात्रा कंपन्यांच्या बसगाड्या तेच वळण गिरवितात: कांचीपुरम्, महाबलीपुरम्, मदुरा, रामेश्वर, कन्याकुमारी. तंजावर वाटेत लागते म्हणून तेथे अर्धा दिवस. मोठ्या देवळापुढे एक छायाचित्र, नंदीचे दर्शन, मान डोलविणारी एखादी बाहुली विकत घ्यावयाची आणि मंडळी पुन्हा गाडीत. तामिळनाडूची ही ओळख खोटी नाही. परंतु महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आपल्यासारख्यांनी तेवढ्यावर समाधान मानू नये, असे आम्हांस वाटते. म्हणून या खेपेस आम्ही क्रम बदलला. जिंजीपासून निघून कावेरीच्या मुलखातून समुद्रापर्यंत गेलो आणि त्यांतले तीन दिवस एकट्या तंजावरास दिले.

तिरुवण्णामलईहून पूर्वेस येताना जिंजीचे डोंगर दुरूनच दिसू लागतात. हे डोंगर सह्याद्रीसारखे नव्हेत. कोणी प्रचंड शिळांच्या राशी ओतून ठेवाव्यात तसे त्यांचे रूप. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग अशा तीन टेकड्या तटाने एकत्र बांधून हा किल्ला झाला आहे. शिवाजी महाराजांनी तो १६७७ मध्ये घेतला. पुढे बारा वर्षांनी रायगड संकटात असता राजाराम महाराज वेष पालटून येथे आले, आणि सुमारे आठ वर्षे मराठ्यांची राजधानी या परक्या प्रांतात राहिली. झुल्फिकारखानाने वेढा घातला. किल्ला पडला तो १६९८ च्या आरंभी, आणि तोपर्यंत महाराज निसटले होते. राजगिरीच्या पायऱ्या हजारावर आहेत; त्या सकाळी लवकर चढाव्यात, कारण नऊनंतर दगड तापतो. माथ्याजवळ एक खोल फट आहे, तीवरचा पूल काढून घेतला की वरचा भाग साऱ्या जगापासून तुटे. त्या पुलावर उभे राहिले म्हणजे आठ वर्षांचा वेढा कसा सोसला असेल, याचे कोडे थोडे सुटते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा. तरीही आम्ही गेलो त्या दिवशी मराठी बोलणारे आमच्याशिवाय कोणी आढळले नाही.

वाटेतील चोळ मंदिरांविषयी येथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. गंगैकोंडचोळपुरम् येथे राजेंद्र चोळाने बांधलेले देऊळ आज एका खेड्याच्या कडेला एकाकी उभे आहे. कुंभकोणम्‌नजीक दारासुरम् येथे बाराव्या शतकातील मंडप घोड्यांनी ओढलेल्या रथाच्या रूपात कोरला आहे. दोन्ही ठिकाणी गर्दी कमी. ज्यांना शिल्प शांतपणे पाहावयाचे आहे त्यांनी तंजावरच्याही आधी दारासुरम् गाठावे.

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केले. त्याचे शिखर दोनशे फुटांहून उंच आहे; त्याची भव्यता वर्णन करण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. आम्हांस सांगावयाचे ते प्राकाराच्या भिंतीवरील लेखाविषयी. १८०३ मध्ये सरफोजीराजांच्या आज्ञेने बाबूराव नावाच्या दरबारी चिटणिसाने भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत, या भिंतीवर कोरविला. भारतातील मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. वाटाडे बहुधा शिखर, नंदी आणि चित्रे दाखवून थांबतात. लेख आपण होऊन विचारावा लागतो. आमच्याबरोबरची मुले गुजराती आणि इंग्रजी शाळांत शिकणारी. पण देवनागरी ओळखीची असल्यामुळे एकेक अक्षर लावीत त्यांनी दोन ओळी वाचल्या, तेव्हा पलीकडे बसलेले एक तमिळ गृहस्थ कौतुकाने उठून जवळ आले. आपण रोज पाहतो ते कोणी तरी वाचू शकते, याचेच त्यांना नवल वाटले असावे.

हे सरफोजीराजे म्हणजे विलक्षण पुरुष. १७९८ मध्ये गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने तहाने राज्यकारभार काढून घेतला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला आणि नेमणूक. दुसरा कोणी असता तर शिकारीत आणि कज्ज्यांत आयुष्य गेले असते. यांनी ग्रंथ जमविले, छापखाना घातला, वैद्यकाचे प्रयोग करविले, नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवविल्या. इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ त्यांच्याच छापखान्यातून १८०६ च्या सुमारास निघाले. देवनागरीत छापलेल्या अगदी आरंभीच्या मराठी पुस्तकांत ते मोडते. नायक राजांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला, तोच आजचा सरस्वती महाल. १९१८ मध्ये तो सर्वांस खुला झाला. तेथे मराठी हस्तलिखिते तीन हजारांवर आहेत. त्यांत शहाजीराजांची (१६८४–१७१२) मराठी नाटके आहेत. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगविले, त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी कावेरीकाठी मराठी नाटक लिहिले जात होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीपलीकडे जात नाही.

आणि मोडी कागद. दरबाराच्या दफ्तराचे शेकडो रुमाल तंजावरास जपलेले आहेत: देवळांचे हिशेब, वैद्यांच्या नेमणुका, गवयांचे पगार, मुदपाकखान्याचे खर्च. १९८१ मध्ये तंजावर येथे स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काहींचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे. म्हणजे तमिळ वाचक ते वाचू शकतो; मोडी विसरलेल्या आम्हां मराठी माणसांना मात्र ते बंद. आमच्या आजोबांचे हिशेबाचे कागद वडोदऱ्याच्या माळ्यावर आहेत, तेही आम्हांस वाचता येत नाहीत.

एका परिचिताच्या ओळखीने राजवाड्याजवळच्या एका जुन्या मराठी घरी आमचे जेवण झाले. तमिळ लोक अशा घरांतील मंडळींना ‘रायर’ म्हणतात. पानात सांबार-भात होता आणि शेजारी डांगराची पच्चडी. उडदाचे हे डांगर आमच्याकडील बायकांनी लगेच ओळखले. घरच्या आजीबाई अस्खलित मराठी बोलत होत्या. हेल पूर्णपणे तमिळ, पण मधूनच एखादा शब्द असा येई की तो आम्ही केवळ जुन्या पोथीतच पाहिलेला. जेवणानंतर त्यांनी समर्थांच्या आरत्यांची आपली वही दाखविली. भाषा मराठी, आणि लिपी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तमिळ. देवनागरी त्यांना येत नाही. त्यांच्या सुनेने विचारले, “तुमच्याकडे मुलं घरात कोणती भाषा बोलतात?” आमच्यातल्या एकीने “मराठीच” म्हटले, आणि तेवढ्यात आमच्या दोघी मुली पडवीत गुजरातीत भांडू लागल्या. सून हसली. आम्हीही हसलो.

वडोदऱ्याचे आणि तंजावरचे नातेही तेथेच आठवले. महाराज सयाजीरावांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या मोहित्यांच्या कन्या. १८८० मध्ये त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व वादकही आले, आणि भरतनाट्य वडोदरा दरबारी पोचले. १८८५ मध्ये ऐन तारुण्यात राणीसाहेब वारल्या. रावपुऱ्याचा टॉवर त्यांच्याच नावाचा. त्याखालून आपण रोज भाजी घेऊन जातो.

शेवटचा दिवस समुद्राकडे. वाटेत ओरत्तनाडू येथे सरफोजीराजांनी मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ बांधलेले छत्र लागते. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना येथे फुकट अन्न मिळे. आपल्याकडून गंगा घेऊन गेलेल्यांपैकीही काही येथे जेवले असतील. पुढे किनाऱ्यावर, मल्लिपट्टणनजीक, आठ मजली षट्कोनी मनोरा उभा आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाप्रीत्यर्थ राजांनी तो बांधविला. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच विजयाचा हा स्तंभ! राजांच्या मनात खरोखर काय होते, ते आम्हांस सांगता येणार नाही. आम्हांस तरी तो पाहून वाईट वाटले. २००४ च्या त्सुनामीने त्याची हानी केली. कोळी मंडळी जवळच जाळी वाळवीत होती. या जागेस काय म्हणतात, असे खुणांनी विचारले, तर त्यांतील एका म्हाताऱ्याने बोट वर करून उत्तर दिले, “मनोरा.”