खताच्या हौदातली राखाडी मंडळी

आमच्या तळेगावच्या घरामागे विटांचा एक हौद आहे. कमरेइतका उंच, सिमेंट न लावता रचलेला, विटांमध्ये बोटभर फटी ठेवलेला. स्वयंपाकघरातला ओला कचरा त्यात जातो आणि त्यावर दर वेळी पाचोळ्याचा थर. पाचोळ्याला तोटा नाही. दारातला देशी बदाम थंडी सरता सरता लालभडक होऊन सगळी पानं टाकतो, फणस आणि पेरू तर बारा महिने थोडीथोडी गाळतच असतात. श्रीपाद अच्युत दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ वाचल्यापासून आमच्याकडे पान जाळायचं नाही, असा नियमच झाला आहे.

भाजीची देठं, केळ्याच्या साली हां हां म्हणता ओळखू येईनाशा होतात. बदामाचं आणि फणसाचं पान मात्र चिवट. ते महिनोन्‌महिने तसंच राहायला हवं, पण राहत नाही. ते कोण संपवतं हे बघायला म्हणून मी हौद उकरत बसायला लागले, आणि तेव्हापासून या छोट्या राखाडी प्राण्यांवर माझा जीव जडला आहे.

पहिली ओरड सासूबाईंची होती. त्यांनी नारळाचं एक सोडण उचललं आणि खाली नुसती वळवळ. “अगं, वाळवी लागली बघ हौदाला!” कोकणातल्या घराच्या चौकटी वाळवीने पोखरलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत, त्यामुळे त्यांचं घाबरणं साहजिक होतं.

“वाळवी नाही आई. हात लावून बघा, गोळी होते.”

त्यांनी चष्मा लावला आणि एक प्राणी तळहातावर घेतला. त्याने अंग मुडपलं आणि मिऱ्याएवढी करडी गोळी झाली. “मग हा पैसाच की,” त्या म्हणाल्या. पैशाचे पाय मोजता येत नाहीत, याचे मोजता येतात. गोळी हळूहळू उलगडली तसे आम्ही दोघींनी मोजले. सात जोड्या, चौदा पाय. मग त्यांनी काडीने तो उलटा केला, पोटाकडून नीट पाहिला, आणि ज्या हातांनी आयुष्यभर कोळंबी सोलली त्या हातांना बरोबर ओळख पटली. “पोटाकडून कोळंबीच आहे गं ही.”

अगदी खरं आहे ते. हा कीटक नव्हेच. खेकडे, कोळंबी ज्या कवचधारी प्राण्यांत येतात, त्यांतलाच हा आयसोपोडा नावाचा गट. त्यातले बरेचसे आजही समुद्रात आणि गोड्या पाण्यात राहतात. हे मात्र जमिनीवर आले आणि पाण्याची गरज सोबत घेऊन आले. त्यांच्या पोटाच्या मागच्या भागाखाली पातळ पापुद्रे असतात, त्यांतून ते श्वास घेतात, आणि ते पापुद्रे ओलसर राहावे लागतात. किड्यांच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर असतो, तसा यांना नाही. म्हणून ऊन लागलं की हे सुकतात. दिवसा विटांच्या फटीत आणि सोडणांखाली एकमेकांना चिकटून बसतात, म्हणजे अंगातली ओल कमी उडते, आणि अंधार पडला की खायला बाहेर पडतात. सगळेच गोळी होतात असं नाही. आमच्याकडे दोन तऱ्हा आहेत: एक घुमटासारख्या पाठीची, जी अंग मुडपते, आणि एक चपटी, जी सरळ पळत सुटते.

मे महिन्यात हौदाचा वरचा हातभर थर कडकडीत होतो आणि तिथे एकही दिसत नाही. तेव्हा ते तळाला, मातीला टेकलेल्या विटांखाली गेलेले असतात. वळीव पडला की संध्याकाळी पुन्हा भिंतीवर हजर. हौदात ओल बरोबर आहे की नाही हे मी आता त्यांच्यावरून ओळखते. ढीग आतून तापलेला असतानाही ते येत नाहीत. मोठा ढीग पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, त्यात ते तगणारच नाहीत. ढीग निवला की त्यांचं काम सुरू होतं. घरगुती हौद मुळात फारसा तापत नाही, म्हणून घरच्या खतात ते इतके दिसतात.

काम कसं चालतं हे एका पानावर नीट दिसलं. फणसाचं ओलं, बुरशीने डागाळलेलं पान मी जुन्या डब्यात घातलं, थोडी माती आणि चार-सहा प्राणी सोडले आणि झाकणाला भोकं पाडली. ताज्या पानाकडे ते बघत नाहीत. आधी बुरशीने आणि जिवाणूंनी पान मऊ करायला लागतं. मग शिरांच्या मधला गर ते कुरतडतात आणि शिरा सोडतात. पानाची जाळी झाली, आणि खाली चहाच्या भुकटीपेक्षा बारीक, काळसर, चौकोनी लेंड्या पडल्या. त्यांच्या आतड्यात पान पूर्ण पचत नाही, त्याचा चुरा होतो. पण एका अख्ख्या पानापेक्षा त्या चुऱ्यावर बुरशीला आणि जिवाणूंना शिरायला कितीतरी जास्त जागा मिळते. पुढे गांडुळं तोच चुरा मातीत ओढतात. हे प्राणी स्वतःच्या लेंड्याही पुन्हा खातात. त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहायला तांबं लागतं, आणि ते वाया जाऊ नये याची ही एक सोय आहे असं मानतात.

त्याच डब्यात एकदा मला अर्धा राखाडी, अर्धा पांढुरका असा एक प्राणी दिसला. मागचं अर्धं अंग नवं, पुढचं जुनं. हे कात टाकतात ती दोन हप्त्यांत, आधी मागचा अर्धा, आणि एक-दोन दिवसांनी पुढचा. कवच चुन्याचं असल्यामुळे चुना वाया घालवून चालत नाही. कात टाकण्याआधी त्यातला काही ते पुढच्या भागात पोटाखाली साठवतात, तिथे पांढरे ठिपके दिसतात. टाकलेली कातही बहुतेक वेळा खाऊन टाकतात. हे कळल्यापासून अंड्याची टरफलं मी चुरून मुद्दाम हौदात घालते.

आणि पिल्लं! मादी अंडी कुठे ठेवून जात नाही. तिच्या पोटाखाली पाण्याने भरलेली एक पिशवी असते, त्यात अंडी उबतात आणि पिल्लं तिथूनच बाहेर येतात. भिंग धरून पाहिलं तर दुधी रंगाची, जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढी, आणि पाय सहाच जोड्या. सातवी जोडी कात टाकल्यावर येते. समुद्र सोडला तरी आईने पिल्लांपुरतं पाणी अंगावर वाहून आणलं, हे मला फार थोर वाटतं.

रोपं आणायला गेले असताना मी सहज हौदाविषयी बोलले, तर नर्सरीवाल्याने एक पांढऱ्या पावडरीची पुडी पुढे केली. “ताई, कडेने भुरभुरवा, दोन दिवसांत साफ.” मी ती घेतली नाही. जे खत मेथीच्या वाफ्यात जाणार, त्यात विष कशासाठी? शिवाय विषाला हा प्राणी आणि गांडूळ यांतला फरक कळत नाही. हे चावत नाहीत, घरातलं लाकूड पोखरत नाहीत, धान्यात शिरत नाहीत. घरात आलेच तर बिचारे कोरड्या फरशीवर मरून जातात. ज्याने खताचा अर्धा भार उचलला त्याला किडा म्हणून मारायचं, याचा मला मनापासून राग येतो.

रोपांचं मात्र खरं सांगायला हवं. पावसाळ्यात घेवड्याची आणि काकडीची कोवळी रोपं जमिनीलगत कुरतडलेली सापडतात. रात्री टॉर्च घेऊन गेले तर बहुतेक करून गोगलगायी होत्या, पण रोपांवर दोन-चार आपले राखाडीही होते. कोवळा, ओला देठ जवळ असला आणि संख्या वाढलेली असली तर ते सोडत नाहीत. उपाय सोपा आहे. रोपाभोवती वीतभर जागेत पाचोळा ठेवायचा नाही, पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालायचं, आणि संध्याकाळी वाफ्यात टरबुजाची किंवा पपईची साल पालथी घालून ठेवायची. सकाळी सालीखाली सगळे जमलेले असतात. साल उचलून हौदात झटकायची. देठ जून झाला की पुढे त्यांचा त्रास होत नाही.

खत काढायचं असलं की सासूबाई आता वाळू चाळायची जुनी चाळण स्वतः घेऊन येतात. खाली पडतं ते काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत. चाळणीत राहतात आंब्याच्या कोया, जाळी झालेली पानं, सोडणाचे तुकडे आणि ही मंडळी. ते सगळं हौदाच्या तळाला परत घालायचं, वर बदामाचा नवा पाचोळा पसरायचा आणि तांब्याभर पाणी शिंपडायचं. मागच्या खेपेला शेजारच्या काकूंनी नवा हौद रचला, तेव्हा सासूबाईंनी त्यांना चाळणीतलं घमेलंभर विरजण म्हणून दिलं, आणि वर बजावलं, “पावडर घालू नका हो, ही कामाची माणसं आहेत.”