फोटोत माणूस नाही

आमच्या एकत्र कुटुंबात कॅमेरा एकच, काकांचा आग्फा क्लिक थ्री. एका रोलवर बारा फोटो निघत. रोल घ्या, धुवायला टाका, प्रिंट काढा, म्हणजे खिशाला चाट. त्यामुळे बारशी, मुंजी आणि साखरपुडे उरकून जे फोटो शिल्लक राहत तेवढेच काकांचे. ते सगळे त्यांनी म्युझियमच्या दगडांवर खर्च केले. आजी, आई, काकू तिघी हळहळत. ‘एकही माणूस नाही हो फोटोत!’ हे वाक्य आम्हा सगळ्या भावंडांना अजून पाठ आहे.

सुट्टीत आमची फौज मुंबईच्या फोर्टातल्या म्युझियमकडे निघायची. आम्हाला ओढ आतल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांची, काका मात्र बागेतच थबकत. तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणजे १९९८पासूनचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. कोनशिला १९०५ची, इमारत उभी राहिली १९१४मध्ये. तेवढ्यात महायुद्ध पेटलं, तिथे लष्करी इस्पितळ आलं आणि लोकांसाठी दारं उघडली ती १९२२मध्ये. गेटवे ऑफ इंडिया बांधणारा जॉर्ज विटेट हाच याचाही वास्तुकार. घुमट पाहताना विजापूरचा गोलघुमट आठवावा, असं काका आवर्जून सांगत.

भिंती कुर्ल्याच्या काळसर दगडाच्या, त्यांना उठाव मालाडच्या पिवळट दगडाचा. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर तो काळा दगड सगळा उजेड गिळून टाकायचा. म्हणून ऊन तिरपं होईपर्यंत काका थांबत. सज्जा तोलणाऱ्या दगडी ब्रॅकेटच्या खाली सावली लांब पडली, कोरीव काम उठून दिसलं, की मगच खटका दाबायचा. त्या कॅमेऱ्याला ऊन आणि ढग अशा खुणा होत्या, बाकी सारा भरवसा डोळ्यावर. जाळीचा फोटो बाहेरून काढला तर नुसती काळी भोकं दिसतात. आतून उजेडाकडे तोंड करून काढला तर पूर्ण नक्षी उमटते. हे आम्ही तिथे उभं राहून शिकलो, आणि आजही कुठल्याही जुन्या इमारतीत शिरलं की आमच्या घरातला प्रत्येक जण आधी वर बघतो. एवढं मोठं देणं आम्हाला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

मधल्या दालनात मान वर केली की पहिल्या मजल्याच्या गोल कठड्यात लाकडी कमानी दिसतात. विटेटने नाशिकच्या एका वाड्यातून त्या विकत आणून इथे बसवल्या. आत उजेड कमी, हातात साधा कॅमेरा, त्यामुळे काकांचा तो फोटो धूसर आला. पण आजीचं माहेर नाशिकचं! तिने प्रिंट खिडकीपाशी नेली, खांबाच्या कोरीव माथ्यावर बोट ठेवलं आणि आपल्या घरचं माजघर, ओसरी, चौकातलं तुळशीवृंदावन सांगत सुटली. आईनेही ते सारं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्या एका फोटोबद्दल आजीने पुन्हा कधी तक्रार केली नाही. अल्बमच्या काळ्या पानावर त्याचे चारही कोपरे तिने स्वतः चिकटवले.

लग्नामुंजींचे फोटो आमच्याकडे ढिगाने आहेत. सगळे एका रांगेत, सगळे कॅमेऱ्याकडे बघणारे. ते पाहताना नावं आठवतात. काकांचे दगडाचे फोटो पाहताना मात्र आमचा अख्खा दिवस आठवतो: दगडी पायऱ्यांचा चटका, कुणी तहानलेलं, कुणी कंटाळलेलं, आणि ऊन उतरण्याची वाट बघणारे काका. माझ्या मते घरातले सगळ्यात मोलाचे फोटो हेच.

तुमच्याही घरच्या अल्बममध्ये असे माणसांवाचूनचे फोटो असतील, तर कुणाचे म्हणून विचारून टाकून देऊ नका. काढणारं माणूस आहे तोवर त्याच्याशेजारी बसा, आणि फोटोमागे जागा व साल लिहून ठेवा. लिहिताना मऊ पेन्सिल वापरा, शाई कागदातून पुढे फुटते.