स्पीकर कुणाच्या कानासाठी?



आमच्या कबनूरच्या अभ्यासवर्गासाठी एक छोटा वायरलेस स्पीकर घ्यायचा ठरला. प्रवासात पिशवीत मावेल आणि उघड्यावर चालेल एवढीच अट होती. ग्रुपवर मेसेज टाकला आणि अर्ध्या तासात अकरा लिंक आल्या. प्रत्येकीखाली एकच शेरा: "ताई, बेस बघा याचा." कुणी दिवे लुकलुकणारा पाठवला, कुणी ढोलाएवढा. आवाज कुणापर्यंत पोहोचवायचा आहे आणि काय ऐकवायचं आहे, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या रोजच्या कामासाठी स्पीकर घेताना बेस ही शेवटची गोष्ट असावी, आणि आमच्यासारख्या यंत्रमागाच्या गावात तर ती नकोच. हे मला आवडनिवडीचं वाटत नाही. यामागे श्रमाचा आणि शरीराचा प्रश्न आहे.

आधी आमची गरज सांगते. विहाराच्या अंगणात आठवड्यातून एकदा पंचवीस-तीस माणसं बसतात. निम्म्या बाया कांड्या भरून, नाहीतर मेंडिंग करून आलेल्या. पुरुष पाळी संपवून आलेले. शेजारच्या शेडमध्ये माग सुरूच असतात, कारण इचलकरंजी-कबनूर पट्ट्यात माग थांबला तरच शांतता. वर्षातून काही वेळा आम्ही बाहेर पडतो: माणगावला, २० मार्चला महाडला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, ६ डिसेंबरला दादरला. तिथेही झाडाखाली, मैदानात, रस्त्याच्या कडेला बसून वाचन होतं. स्पीकरवर लावायचं काय, तर रेकॉर्ड केलेलं वाचन, मुलाखती आणि वामनदादांची गाणी. १९५५ ची बीबीसीची बाबासाहेबांची मुलाखत आम्ही ऐकवतो आणि मध्ये थांबून मराठीत सांगतो. जुनं रेकॉर्डिंग, खरखर भरपूर. बेसच्या डब्यातून ती मुलाखत विहिरीतून बोलल्यासारखी येते.

लिंकांवर वाद घालण्यापेक्षा आम्ही चाचणी घेतली. वर्गातल्या पोरांकडे होते ते तीन स्पीकर आणले. एक तळहातावर मावणारा, एक पाण्याच्या बाटलीएवढा, एक चाकांचा, दिव्यांचा मोठा. गाणं लावायचं नाही, असं आधीच ठरवलं. मी फोनवर वीस शब्द रेकॉर्ड केले: समता, ममता, सत्ता, पत्ता, शिका, टिका, हक्क, हप्ता, असे. सात जण वीस पावलांवर स्पीकरकडे पाठ करून उभे. ऐकू येईल तो शब्द मोठ्याने सांगायचा. पाठ यासाठी की ओठ किंवा चेहरा बघून अंदाज बांधता येऊ नये.

मोठा डबा लागला तेव्हा पोरांच्या माना डोलायला लागल्या. बत्तीस वर्षं मागावर काढलेले आमच्या गल्लीतले एक तात्या मात्र गप्प. विचारलं तर म्हणाले, "आवाज येतुय की गं पोरी, चांगला येतुय. पर बोल कळंना." समता लावलं की ते ममता म्हणायचे. सत्ता लावलं की पत्ता. तळहाताएवढ्या स्पीकरवर त्यांचे जास्त शब्द बरोबर आले. बाटलीएवढ्यावर, फोनच्या इक्वलायझरमध्ये बेस खाली ओढल्यावर, सगळ्यांत जास्त. सातपैकी चौघांचं असंच झालं, आणि ते चौघेही मागावरचे.

याचं कारण कानात आहे. साध्या धोट्याच्या मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे, पुष्कळदा शंभरच्या आसपास असतो. वर्षानुवर्षं त्यात उभं राहिलं की आतल्या कानातल्या बारीक केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला मार बसतो तो ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यावर. भाषेत या वरच्या पट्ट्यात स, श, त, ट, क असल्या व्यंजनांचा बराचसा जीव असतो. स्वर खालच्या पट्ट्यात, ते शाबूत राहतात. त्यामुळे असा माणूस बहिरा दिसत नाही. हाक मारली तर वळून बघतो. त्याला बोलणं ऐकू येतं, पण शब्द सुटे होत नाहीत. आणि बेस म्हणजे शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपासची धडधड. ती वाढवली की उरलेसुरले शब्दही तिच्याखाली दबतात. घरातली माणसं म्हणतात, "म्हाताऱ्याचं ध्यानच नसतंय." मीटिंगमध्ये आपण म्हणतो, "कामगारांना वैचारिक विषयात रस नाही." समाजशास्त्राच्या वर्गात सहभागावर आम्ही पानंच्या पानं लिहिली, पण समोरच्याला व्यंजन ऐकू येतं का, हा प्रश्न कुठल्याच प्रश्नावलीत नव्हता.

इथे एक इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात कांडी घालताना सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि यांच्या तोंडाचा विटाळ नको, म्हणून चांगल्या पगाराचं ते खातंच बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. त्या मागापर्यंत पोहोचायला आपल्या माणसांना लढावं लागलं. पोहोचल्यावर कानांचं काय झालं, हे मोजायची लढाई अजून बाकी आहे.

आवाजामुळे आलेलं बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते पुढे आलं. ईएसआय कायद्याच्या परिशिष्टातही होतं. अडचण ही की आठ-दहा मागांच्या शेडमधला माणूस बहुतेक वेळा यातल्या कुठल्याच कागदावर नसतो. पण जो असतो, त्यानेही ऑडिओमेट्री केलेली नसते. आमच्या चाचणीनंतर त्या चौघांना कान तपासायला न्यायचं ठरवलं. सुट्टीनंतर सकाळीच जायचं, पाळी करून तसंच नाही. आवाजातून नुकत्याच बाहेर आलेल्या कानाची तपासणी खोटी येते.

आता स्पीकरकडे. पोरांनो, हिशेब करून घ्या. बाकी सगळं सारखं असेल तर वॅट दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. उलट उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. त्यामुळे वॅटसाठी पैसे ओतण्यापेक्षा स्पीकर माणसांच्या जवळ नेणं स्वस्त. एका मोठ्यापेक्षा जोडता येणारे दोन छोटे चांगले: एक या कोपऱ्यात, एक त्या. मात्र जोडी बहुधा एकाच मॉडेलची लागते, म्हणून पहिला घेतानाच दुसऱ्याचा विचार करा. आणि 'हजार वॅट' लिहिलेल्या स्वस्त डब्याला हसून नमस्कार करा. आरएमएस किती, एवढंच विचारा.

उदाहरणादाखल दोन आकार. जेबीएल गो ३ सारखा तळहाताएवढा स्पीकर ४.२ वॅटचा, साधारण २०० ग्रॅमचा, बॅटरी पाच तास. फ्लिप ६ सारखा बाटलीच्या आकाराचा ३० वॅटचा, साडेपाचशे ग्रॅमचा, बारा तास. दोन्ही आयपी६७. यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आमच्याकडे पावसापेक्षा धूळ आणि सुताची पिंजर जास्त, म्हणून पहिला आकडा महत्त्वाचा. नुसतं आयपीएक्स७ लिहिलं असेल तर धुळीची चाचणी सांगितलेली नाही, एवढंच समजा. बॅटरीचे तास मध्यम आवाजावर मोजलेले असतात. पूर्ण आवाजावर त्यातले बरेच गळतात. चार्जिंगची पिन फोनचीच हवी, म्हणजे प्रवासात एकच वायर. बीआयएसचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, कारण आत लिथियमची बॅटरी आहे आणि ती आपण उन्हात, एसटीच्या टपाखाली ठेवणार आहोत.

एक गैरसमज काढायला हवा. असा स्पीकर म्हणजे माईक नव्हे. फोनमध्ये बोलून ब्लूटूथने आवाज काढायला गेलात तर शब्द उशिरा येतो, बोलणारा स्वतःच अडखळतो, आणि जवळ गेलं की शिट्टी वाजते. भाषणासाठी माईकची पिन असलेला, कमरेला लावायचा संच वेगळा मिळतो. मास्तर आणि गाईड वापरतात तो. खरं सांगू? बोल स्पष्ट पोहोचवण्यात भंगारवाल्याच्या गाडीवरचा भोंगा आपल्या सगळ्या लिंकांच्या पुढे आहे. दोन गल्ल्या पलीकडून 'जुनं-पुराणं' कळतं, कारण भोंगा बोलण्याचा मधला पट्टाच तेवढा फेकतो. गाण्याला निकामी, बोलायला राजा.

डीजेबद्दल बोलले नाही तर लेख अर्धा राहील. चौदा एप्रिलच्या भिंतींवर नुसती नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या रस्त्यावरून वाजंत्री नेता येत नव्हती, ते एक दिवस रस्ता आवाजाने भरून टाकतात, त्यामागे कारण आहे. आणि आपला आवाज लहान असला तरी खपत नाही, हेही खरं. शिर्डीत मे २०१५ मध्ये एका तरुणाचा खून झाला, तो फोनच्या रिंगटोनवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं म्हणून, असा आरोप होता. फोनचा स्पीकर केवढा असतो? तेव्हा डेसिबलचे धडे फक्त आपल्यालाच देणाऱ्यांनी आधी तिकडे बघावं.

पण आपसात बोलताना दुसरंही म्हणायला हवं. वामनदादांच्या गाण्यात ऐवज आहे तो शब्दांचा. भीमराव कर्डकांच्या जलशाच्या काळात बहुतेक गावांत वीज नव्हती, जे पोहोचायचं ते गळ्यातून आणि शब्द सुटा फेकण्यातून. १९२० च्या मार्चमध्ये माणगावला शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात आले, तेव्हा लाऊडस्पीकर आपल्याकडच्या सभांत आलेला नव्हता. आज त्याच गाण्यांवर आपण बेस चढवतो आणि मागावरचा माणूस फक्त धडधड ऐकतो. धडधड तर तो दिवसाचे बारा तास ऐकतोच आहे. मिरवणुकीच्या एका दिवसाचं मी सोडून देते. उरलेले ३६४ दिवस तरी शब्द ऐकू यावा.

रात्रीचं थोडक्यात. १० ते ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक नको, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हे २००० च्या नियमांत आहे. स्पीकर छोटा म्हणून सूट नाही. दादरच्या गाडीत रात्री तो पिशवीत राहील, कारण शेजारच्या बर्थवरचा माणूसही बहुधा पाळी करूनच चढलेला असतो.

आम्ही शेवटी बाटलीएवढाच घेतला, वर्गणी साडेतीन हजारांच्या पुढे न्यावी लागली. स्पीकर जमिनीवर ठेवायचा नाही. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, भिंतीला पाठ लावून, स्टुलावर. माग चालतो त्या बाजूला त्याची पाठ, माणसांकडे तोंड. वहीत नोंद करून दर आठवड्याला तो एकेका घरी चार्जिंगला जातो. या आठवड्यात तात्यांकडे आहे. त्यांची नात सांगत होती, आजोबा बातम्या त्यावर लावतात आणि बेस स्वतः कमी करतात.