टेक ऑफ

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायची. पहिलीपासून ती २००० साली आली, तोवर मला दहावी होऊन नांगर धरल्याला पंचवीस वर्षं झाली होती. मास्तर वर्गात शिरले की पहिलं वाक्य, 'टेक ऑफ युवर कॅप.' आम्ही पोरं टोप्या काढून मांडीवर ठेवायचो. टेक ऑफ म्हणजे काढणे, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं.

थोरला पोरगा नोकरीला जर्मनीला निघाला, त्या आठवड्यात आमची लाईट रात्रपाळीची. मी गव्हाला पाणी देत होतो, म्हणून मुंबईला पोचवायला गेलोच नाही. दोनच्या सुमाराला त्याचा मेसेज आला, 'टेकिंग ऑफ नाऊ.' बॅटरीच्या उजेडात दोनदा वाचला.

बांधावरून मंडळींनी विचारलं, "काय म्हणतंय पोरगं?"

"काहीतरी काढतंय म्हणतंय."

"विमानात कशाला काढायचं? थंडी वाजंल की!"

सकाळी शेजारची अकरावीतली पोर खोखो हसली. "आबा, विमानानं जमीन सोडली. उडालं." टोपी डोक्यावरनं सुटते, विमान जमिनीवरनं, असं तिनं समजावलं. टोपी असली तर 'टेक इट ऑफ' म्हणता येतं, दुसऱ्याची वस्तू मधे बसते. विमानाच्या बाबतीत मधे कोणी बसत नाही, ते आपलं आपणच उडतं. एखाद्याचा धंदा एकदम जोरात चालला तरी टेक ऑफच. आणि 'टेक अ डे ऑफ' म्हणजे एक दिवस रजा.

मला तसं नवल वाटलं नाही. आपण टोपी काढतो, धार काढतो, भुईमूग काढतो, कर्ज काढतो, दिवसही काढतो. उडायचं म्हटलं तर पाखरू उडतं, कापडाचा रंग उडतो, लग्नाचा बार उडतो, डीपीवरचा फ्यूज तर रोजच उडतो. आपल्या पोराला मराठी शिकवायची पाळी इंग्रजांवर आली असती तर तेही शेतात उभं राहून डोकं खाजवत बसले असते.

पुढं दोन वर्षांनी मंडळींचं मोठं ऑपरेशन ठरलं. पोरानं 'आठवडा ऑफ' घेतला. ते लगेच समजलं मला. आदल्या रात्री ती खाटेवर पडून सारखी विचारत होती, "उडालं का हो?" पोराचा मेसेज आला होता. बर्फ पडतंय, टेक ऑफ कधी होईल सांगता येत नाही. सगळा अर्थ कळत होता, एक शब्द अडला नाही.

"उडालं," मी म्हणालो.

ती कुशीवर वळली नि झोपली. विमान खरं उडालं दुसऱ्या दिवशी दुपारी, तिला आत नेल्यावर. पोरगा पोचला तेव्हा ती शुद्धीवर आली होती. त्याचा हात धरून म्हणाली, "काल रात्रीच निघालास ना रं? मग एवढा येळ कुठं होतास?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डोक्यावरची टोपी काढून झटकत बसलो.